गाडीतले गाणे आणि सोळा आण्यांचा हिशेब

दसरा सरला, पाडवा आला की सोलापुरात नव्या गाड्यांच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा दिसू लागतात. नारळ वाढवला जातो, पेढे वाटले जातात आणि पहिली फेरीही बहुधा ठरलेली असते: तुळजापूर, नाही तर अक्कलकोट. वाट तासाभराची; गाणे हवेच! पण गाडीने वेग घेतला की मागच्या बाकावरून आजी म्हणतात, "अरे, शब्द कळत नाहीत." चिरंजीव आवाज वाढवतात. मग ढोलकी तेवढी धबधबते आणि शब्द अधिकच हरवतात. पुढच्या रविवारी चिरंजीव दुकानात उभे असतात, आणि घरखर्चाच्या वहीत एक न ठरलेला आकडा शिरतो.

हा आकडा लहान ठेवता येतो. त्यासाठी दोष कोठे आहे, ते आधी पाहिले पाहिजे. कंपनीने बसवून दिलेला डेक सहसा वाईट नसतो. काटकसर झालेली असते ती स्पीकरमध्ये: हलका पडदा, लहानसे चुंबक आणि पाठीशी दाराचा पातळ पत्रा. दुकानात मात्र पुष्कळदा आधी नवा डेक दाखवतात. त्याच्या खोक्यावरील '२०० वॅट' वाचून भुलू नये. गाडी चालू असताना विजेचा दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो, स्पीकरचा विरोध बहुधा ४ ओहम. वेगळा अँप्लिफायर नसेल, तर या हिशेबाने एका स्पीकरच्या वाट्याला फार तर २५ वॅट स्वच्छ आवाज येतो. खोक्यावरचा आकडा असतो तो क्षणभराच्या उसळीचा, आणि तोही चारी स्पीकरांचा मिळून! शिवाय हल्ली स्टिअरिंगवरील बटणे आणि मागचा कॅमेरा डेकशीच जोडलेले असतात. डेक बदलला की त्यांचा खर्च वेगळा.

खिशाला हात घालण्यापूर्वी फुकटचे उपाय करावेत. 'बास' थोडा उतरवावा, 'लाउडनेस' बंद करावा आणि काचा वर घ्याव्यात. फोनवरून फोनवर फिरत आलेली, दाबून लहान केलेली गाणी टाळून चांगल्या प्रतीची मिळवावीत. मूळ गाण्यातच जीव नसेल, तर भारी स्पीकर तरी काय करणार?

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर जुन्या पद्धतीने रुपयाचे सोळा आणे करावेत. त्यांतले दहा आणे पुढच्या दोन दारांच्या स्पीकरांवर खर्चावेत. मोठ्या स्पीकरच्या मध्यभागीच छोटा ट्वीटर असलेली जोडी बसवायला सोपी पडते. घेताना वॅट विचारू नये, 'सेन्सिटिव्हिटी' किती डेसिबल आहे ते विचारावे. ती ३ डेसिबलने जास्त असेल, तर निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज निघतो. म्हणजे स्पीकर नीट निवडला, की अँप्लिफायर तूर्त नको.

तीन आणे दारासाठी. पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. आतल्या पत्र्याच्या भोकांतून मागची लहर पुढे आली, की दोन्ही एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. ती भोके ब्यूटिलच्या चिकट शीटने बंद करावीत. डांबरी शीट स्वस्त असते खरी, पण आपल्याकडे पारा चाळीसच्या वर गेला की ती मऊ पडते. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोके असतात, ती मात्र मुळीच बुजवू नयेत. आणि एक विनंती. सोलापुरी चादरीचा अभिमान आपणा सर्वांना आहे, परंतु तिचा तुकडा दाराच्या पोटात कोंबू नये! काचेच्या फटीतून पावसाचे पाणी आत उतरते, सुती कापड ते धरून ठेवते आणि पत्रा गंजतो.

दोन आणे जोडणीचे. मूळ वायर कापू न देता गाडीच्या मापाचा कपलर मागावा. वायर कापल्यावरून वॉरंटीचा वाद उभा राहू शकतो. दोन्ही स्पीकरांची धन-ऋण टोके एकसारखी हवीत. एक जरी उलटे लागले, तरी खर्ज पातळ होतो. डेकपासून सोडवलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर सरकला, तर सेलच्या धन टोकाला जोडलेले टोक धन समजावे. पुढे कधी अँप्लिफायर घेतलाच, तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. तो नसला आणि वायर पत्र्याला घासली, तर आग लागण्याचा धोका असतो.

उरलेला एक आणा खिशातच ठेवावा. महिनाभर ऐकून, मग पुढचा विचार.

हा खटाटोप मोठ्या आवाजासाठी नाही, कमी आवाजात शब्द स्पष्ट यावेत म्हणून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा. ९० डेसिबलला ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. लहान मुलांची मर्यादा याहून कमी, ७५ डेसिबल. बंद गाडीत मूल स्पीकरपासून हातभर अंतरावर बसलेले असते आणि उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. स्पीकर बिघडला तर बदलता येतो!

म्हणून नवे स्पीकर बसले, की आवाज असा ठेवावा की गाणे चालू असतानाही मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यावा आणि शेजारच्याशी ओरडल्याशिवाय बोलता यावे.