ओटीपी येऊन नाही राहिला

वर्ध्याजवळच्या सेगावात ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी गेले आणि त्या आडगावाला जगभरातून टपाल येऊ लागलं. पण सगळं टपाल सेगावला पोचेना. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव तेव्हाही प्रसिद्ध होतं. नावं सारखी असल्यामुळे सेगावची पत्रं चुकून तिकडे जात. अखेर १९४० मध्ये गावाचंच नाव बदललं आणि सेगावचं सेवाग्राम झालं. आश्रमात आजही एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं, म्हणून तो बसवलेला होता.

त्याच वर्धा जिल्ह्यातून आज माणसं सातासमुद्रापार जातात. कुणी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून पुढच्या अभ्यासाला निघतं, कुणी आखातात नोकरीला, तर कुठल्या घरातले आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत मुलाकडे. कुरड्या, पापड, तिखट भरून झालं की बॅगेचं वजन तीन-तीनदा होतं. मोबाइल मात्र आहे तसा खिशात जातो. सगळ्यांचे नंबर त्यात, औषधांच्या नि डॉक्टरांच्या वेळा त्यात, परतीच्या विमानाची तारीखही त्यातच. तो मोबाइल टॅक्सीत राहिला किंवा पाण्यात पडला, तर काय?

बहुतेकांचं उत्तर तयार असतं: ‘सगळं गूगलवर आहे ना!’ ते खरंच तिथे आहे का, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

मोबाइलमधला नंबर तीन जागी असू शकतो: सिमकार्डावर, फोनच्या स्वतःच्या साठ्यात किंवा गूगल, आयक्लाउडसारख्या ऑनलाइन खात्यात. सिमची ऐपत लहान. त्यावर साधारण अडीचशे नावं मावतात, तीही नुसत्या नंबरापुरती. फोनच्या साठ्यातलं सगळं फोनबरोबर जातं. फक्त खात्यातले नंबर तेवढे दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर उघडता येतात. नवा नंबर साठवताना अनेक अँड्रॉइड फोन ‘कुठे ठेवू?’ असं विचारतात आणि आपण घाईत जे पहिलं दिसेल ते दाबतो. त्यामुळे एकाच माणसाच्या फोनमध्ये मुलगा सिमवर, व्याही फोनमध्ये आणि दूधवाला गूगलवर, अशी विखुरलेली यादी तयार होते.

ती तपासायची युक्ती सोपी आहे. संगणकावर कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडायचं, आपल्या खात्यानं आत जायचं आणि घरच्या दहा माणसांची नावं शोधायची. जे नाव तिथे सापडत नाही, ते खात्यात नाही. मग फोनच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये जाऊन सिमवरचे आणि फोनमधले नंबर गूगल खात्यात आणायचे आणि यापुढचे सगळे नंबर तिथेच साठतील, असं ठरवून टाकायचं. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून आयक्लाउडमधलं कॉन्टॅक्ट्सचं बटण चालू आहे का, ते बघायचं. चुकून एखादं नाव पुसलं गेलं, तर गूगलच्या कचरापेटीत ते तीस दिवस राहतं आणि परत घेता येतं.

नंबर खात्यात आला म्हणजे तो परदेशातून लागेलच, असंही नाही. वर्ध्याचा एसटीडी कोड ०७१५२. मुंबईहून फोन करताना सुरुवातीचा शून्य लागतो. परदेशातून करताना तो गळतो आणि अधिक ९१ नंतर थेट ७१५२ येतं. मोबाइलचंही तसंच. दहा आकडे, किंवा आधी शून्य लावून साठवलेला नंबर परदेशातल्या सिमवरून लावला, तर ते नेटवर्क त्याला आपल्याच देशातला समजतं. अधिक ९१ लावून साठवलेला नंबर भारतात आणि बाहेर दोन्हीकडे चालतो. निघण्याआधी निदान घरच्यांचे, डॉक्टरांचे आणि बँकेचे नंबर तरी असे दुरुस्त केलेले बरे.

आता कॅलेंडर. मराठी घरात १९७३ पासून ‘कालनिर्णय’ भिंतीवर आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं त्याच्यावर. भिंतीवरच्या या कॅलेंडराला टाइम झोन नावाची भानगड माहीत नसते. फोनमधल्या कॅलेंडरला ती असते, आणि नवखा प्रवासी नेमका तिथेच फसतो.

समजा, न्यूयॉर्कमधल्या एका संग्रहालयाचं तिकीट उन्हाळ्यातल्या एका दिवशी सकाळी अकराचं आहे. वर्ध्यात बसून ते कॅलेंडरमध्ये टाकलं, वेळ लिहिली ११. फोननं ती भारतातली ११ मानली. न्यूयॉर्कला उतरल्यावर फोन तिथल्या वेळेवर गेला आणि तीच नोंद रात्री दीड वाजता दिसू लागली! फोनचं गणित चुकलेलं नाही, कारण वर्ध्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात रात्रीचा दीडच असतो. नोंद करताना वेळेच्या खाली टाइम झोन निवडायची सोय असते. तिथे न्यूयॉर्क निवडलं असतं, तर घोळ झाला नसता.

उलट, वर्ध्याच्या डॉक्टरांशी संध्याकाळी सहाला व्हिडिओवर बोलायचं ठरलं असेल, तर ती नोंद भारतीय वेळेनंच ठेवायची. न्यूयॉर्कमध्ये ती सकाळी साडेआठला दिसेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि तीच भेट साडेसातवर येते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असल्यामुळे ही उठाठेव लक्षात राहत नाही. ती कॅलेंडरवर सोपवावी; एकदा टाइम झोन बरोबर टाकला की हिशेब तेच करतं. औषधाच्या गोळ्यांसाठी मात्र फोनचा साधा गजर बरा. तो जिथे असाल तिथल्या घड्याळाप्रमाणे वाजतो.

इतकं सगळं नीट केलं, तरी एक कुलूप उरतंच. फोन हरवला, मुलाच्या लॅपटॉपवर खातं उघडायला घेतलं, पासवर्डही आठवला. पण नवं यंत्र आणि नवा देश पाहून गूगल खात्री करून घेतं आणि कोड पाठवतं तो हरवलेल्या फोनवर, किंवा वर्ध्याच्या कपाटात ठेवून आलेल्या सिमवर. मग घरी व्हिडिओ कॉल होतो आणि तेच वाक्य ऐकू येतं: ‘काय करू, ओटीपीच येऊन नाही राहिला!’

याचे तीन उपाय आहेत आणि तिन्ही निघण्याआधीच करायचे. पहिला, भारतीय सिम बरोबर न्यायचं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यायचं. आजच्या बऱ्याच फोनमध्ये दोन सिम चालतात. एकावर तिथलं इंटरनेट, दुसऱ्यावर आपला नंबर, त्याचा डेटा मात्र बंद. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, तरी कंपनीला विचारून घ्यावं. दुसरा उपाय ऑथेंटिकेटर ॲपचा. दर तीस सेकंदांनी त्यात नवा कोड येतो आणि त्यासाठी नेटवर्कही लागत नाही. तिसरा उपाय चक्क कागदी आहे. दुहेरी पडताळणी सुरू केली की गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. एकेक कोड एकदाच चालतो. फोन हाती नसताना हेच उपयोगी पडतात. ते छापून एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात आणि दुसरी घरी विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी. खात्याच्या पुनर्प्राप्तीसाठी मुलाचा किंवा मुलीचा नंबर आणि ईमेल देऊन ठेवलेलाही चांगला.

सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांना आणखी एक धोका आहे. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो आणि आपला ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतो. म्हणून परतीच्या तारखेनंतरही पुरेल असं रिचार्ज करून जावं.

हॉटेलच्या लॉबीतला संगणक शक्यतो टाळावा. निरुपाय झालाच, तर इन्कॉग्निटो खिडकीत खातं उघडावं, काम होताच साइन आउट करावं आणि नंतर आपल्या फोनवरून खात्याची उपकरणांची यादी पाहावी. अनोळखी यंत्र दिसलं, तर तिथूनच त्याला बाहेर काढता येतं. चीनला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की तिथल्या इंटरनेटवर गूगल चालत नाही. नंबरांची यादी निर्यात करून फोनमध्ये आणि कागदावर आधीच घेतलेली असावी.

ओटीपीची ही अडचण उलट बाजूनंही येते. वर्ध्यातच १९९७ पासून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथे हिंदी शिकायला परदेशी विद्यार्थी येतात. त्यांच्यासाठी वर्धा हाच परदेश. त्यांचंही घरचं सिम इथे बंद असलं, तर कोड येत नाही.

घरात कुणी परदेशी निघत असेल, तर जाण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी त्यांचा मोबाइल बंद करून कपाटात ठेवा. मग दुसऱ्या संगणकावर, त्यांच्याच हातानं, त्यांचे नंबर आणि कॅलेंडर उघडायला सांगा. जिथे ते अडतील, तिथली दुरुस्ती त्याच संध्याकाळी करून घ्या. घरी याला अर्धा तास लागेल. विमानतळावर, फोन हरवल्यानंतर, ती करता येणार नाही.