सतरा नंबरवर बारावी

गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली, की दहावीनंतर लग्न होऊन आलेल्या सुनेची अडचण होते. ती गावची रहिवासी असते, वयात बसते, पण 2023 पासून या पदाला बारावी उत्तीर्ण लागते. पोलीस शिपाई भरतीची अटही तीच. लेकरंबाळं आणि शेत सांभाळून आता अकरावीच्या वर्गात कोण बसणार? अशांसाठी राज्य मंडळाने ठेवलेली वाट म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. लोक याला ‘बाहेरून बारावी’ म्हणतात.

बुलढाणा जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. अमरावती इथून सुमारे दोनशे किलोमीटर. पण तिकडे खेटे घालायची गरज सहसा पडत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, पत्त्यानुसार जवळचे कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचे आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासह कागदपत्रे तिथे द्यायची. माहेर जालन्याचे असले तरी पत्ता आत्ता राहता तिथला. दहावी होऊन साधारण दोन वर्षे झालेली हवीत; अकरावी केलेली नसली तरी चालते. मात्र कॉलेजातून बारावीला बसून नापास झालेल्यांनी हा फॉर्म भरायचा नसतो. ते पुनर्परीक्षार्थी, त्यांचा अर्ज त्यांच्याच कॉलेजातून जातो.

गफलत होते ती पुढे. सतरा नंबर भरला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो नावनोंदणीचा अर्ज आहे. नावनोंदणी प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेचे आवेदनपत्र संपर्क केंद्रातून वेगळे भरावे लागते. बहुतेक विषयांत लेखी 80 गुणांची असते. उरलेले 20 तोंडी परीक्षेचे किंवा प्रकल्पाचे, आणि तेही केंद्रातच मिळवायचे. म्हणून केंद्राशी वर्षभर संबंध ठेवावा लागतो. प्रात्यक्षिकांमुळे विज्ञान शाखा घरून झेपणे कठीण; कला किंवा वाणिज्य त्यामानाने सोपे.

बाकी सवलत काही नाही. प्रश्नपत्रिका तीच, प्रत्येक विषयात 35 गुणांची अट तीच, प्रमाणपत्र देणारे मंडळही तेच. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. कॉलेजच्या पोराला वेळापत्रक, घटक चाचणी, सराव परीक्षा आयती मिळते. बाहेरून बसणाऱ्याला ती स्वतःच आखावी लागते, आणि तीही शेतीच्या हंगामाला धरून. नावनोंदणी पावसाळ्यात, निंदणाच्या दिवसांत होते. मग सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. फेब्रुवारीतल्या परीक्षेसाठी दिवाळीनंतर पुस्तक उघडले, तर सहा विषयांना जेमतेम तीन महिने उरतात. त्यापेक्षा भाषांचे धडे पावसाळ्यातच वाचून काढावेत. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, कारण बऱ्याच वर्षांनी सलग तीन तास लिहायचे तर हातालाही सवय लागते.

सिंदखेडराजा, लोणारकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांची पंचाईत वेगळी. दिवाळीच्या आगेमागे ते घर सोडतात आणि बोर्डाची परीक्षा नेमकी तोडणीच्या भरात येते. त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय तपासावा. 1989 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. विषय पाच, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एकेक-दोनदोन विषय सोडवत गेले तरी चालते. मात्र हवे ते विषय आपल्या माध्यमात आहेत का आणि अभ्यास केंद्र किती लांब, हे आधी पाहावे.

बाहेरून बसणाऱ्याचे वर्ष अनेकदा अभ्यासाआधी तारखेतच अडकते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून बारावी होत नाही. सेविकेची जागा पुढच्या वर्षी निघेल असे वाटत असेल, तर दाखला याच पावसाळ्यात शोधून ठेवायला हवा.