चिखल्याची झाडीबोली आणि नागपूरचं कॉलेज

तुमसर तालुक्यातलं चिखला हे मॉइल या सरकारी कंपनीच्या भूमिगत मॅंगनीज खाणीचं गाव. इथली एखादी मुलगी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पहिल्यांदा पाऊल टाकते आणि तिच्या झाडीबोलीला, पूर्व विदर्भातल्या त्या मराठी बोलीला, वर्गात कोणी हसतं. पोटात काहीतरी आक्रसतं. ती लाज आहे, राग आहे की घरची आठवण, हे ओळखता येणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेची पहिली पायरी. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये ही संकल्पना मांडली: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, समजणं, सावरणं आणि विचार करताना त्यांचा उपयोग करणं.

हिस्लॉपसारख्या ख्रिस्ती महाविद्यालयांत शेजाऱ्यावर प्रेम करण्याची शिकवण आहेच. पण प्रेमाला कानही लागतात. 1883 मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे खरंच. तरी गोंडांच्या कथा-गीतांची त्यांनी मन लावून नोंद केली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, ते टिपण छापलं गेलं.

हा कान आजच्या वर्गात हवा. प्राध्यापकानं हसणाऱ्याला थांबवावं, एवढ्यानं भागत नाही. तिच्या बोलीतला शब्द फळ्यावर लिहावा, अर्थ तिलाच विचारावा. चिडलेल्या मुलाला ‘शांत हो’ म्हणण्याआधी ‘काय झालं?’ म्हणावं. समुपदेशकाचं दार परीक्षेच्या निकालापुरतं उघडं नसावं.