गुडघ्याला फिजिओ आहे, मनाला कोण?

कॉलेजच्या संघातून खेळणाऱ्या मुलीचा गुडघा दुखावला की घरात धावपळ सुरू होते. एक्स-रे, एमआरआय, डॉक्टर, फिजिओ. महिनाभरात ही वर्दळ ओसरते. संघ पुढच्या स्पर्धेला निघून जातो आणि मुलगी पलंगावर मोबाईल घेऊन पडून राहते. ‘आराम कर, बरं वाटेल,’ असं अम्मी-अब्बा म्हणतात, आम्ही शिक्षकही तेच म्हणतो. तिच्या मनात काय चाललंय, हे विचारायचं मात्र राहून जातं.

सानिया मिर्झाला २००८ साली मनगटाच्या दुखापतीमुळे बीजिंग ऑलिंपिकमधला पहिलाच एकेरी सामना अर्धवट सोडावा लागला. त्या दुखापतीत केस विंचरणंही जमत नव्हतं आणि आपल्याला नैराश्याने घेरलं होतं, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितलं. २००९ मध्ये महेश भूपतीसोबत तिने ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही अवस्था, तर तालुक्याच्या कॉलेजातल्या कबड्डीपटूचं काय होत असेल? तिच्या हाताशी बहुतेकदा मोबाईलच असतो. म्हणूनच जखमी खेळाडूंच्या मनाला आधार देणारं अ‍ॅप ही कल्पना आम्हाला मोलाची वाटते. ते बनवताना मात्र काही गोष्टींचं भान हवं.

पहिली गोष्ट वेळेची. गुडघ्यातल्या ‘एसीएल’ या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली, तर मैदानावर परतायला साधारण ९ महिने किंवा त्याहून अधिक लागतात. घाई केली तर गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका वाढतो. तीन वर्षांच्या पदवीत याचा अर्थ एक अख्खा हंगाम गेला. अ‍ॅपने ही लांब वाट छोट्या टप्प्यांत दाखवावी: आज गुडघा किती वाकला, जिना चढता आला का. इतरांशी तुलना आणि गुणांची चढाओढ त्यात नकोच.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १६ वर्षांवरील अव्वल खेळाडूंसाठी मानसिक आरोग्याची एक चाचणी तयार केली आहे. तिची सुरुवात अवघ्या १० प्रश्नांनी होते आणि मोठ्या दुखापतीनंतरही ती घ्यावी, असं समिती सुचवते. कॉलेजच्या खेळाडूंसाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीने असेच मोजके प्रश्न तयार करता येतील. ‘तुला नैराश्य आहे का?’ याला उत्तर मिळत नाही. ‘झोप लागते का? मैत्रिणींचे फोन टाळतेस का?’ याला मिळतं. प्रश्न मराठीत आणि उर्दूत असावेत, वाचून दाखवण्याची सोयही असावी.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही उत्तरं वाचणार कोण? संघ निवडणारे सरच वाचणार असतील, तर मुलगी रोज ‘मी ठीक आहे’ एवढंच लिहील. व्यायामाची प्रगती सरांना दिसू द्यावी. मनाची उत्तरं फक्त समुपदेशकाकडे जावीत. आपल्याकडे एकच मोबाईल घरातले चौघे वापरतात, तेव्हा अ‍ॅपला वेगळं कुलूप हवं. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती लागते. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं यात येतात. पण संमती देणं वेगळं आणि मुलीची उत्तरं उघडून वाचणं वेगळं. जिवाला धोका दिसला तर मात्र समुपदेशक घरी कळवेल, हे तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं.

शेवटी, अ‍ॅपमागे माणूस हवा. जीव नकोसा झाल्याचं कुणी रात्री दोन वाजता लिहिलं, तर तयार सुविचार दाखवून भागणार नाही. तिथे एका बोटाने फोन लागला पाहिजे. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

असं अ‍ॅप आपल्या कॉलेजात येईल तेव्हा येईल. तोवर हा क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये साठवून ठेवा. ‘आता खेळ सोड, अभ्यास कर,’ हे वाक्य काही महिने तरी टाळा. डॉक्टरांनी परवानगी दिली की मुलीला संध्याकाळी सरावाच्या मैदानावर घेऊन जा. खेळता येत नसलं तरी गुण लिहिता येतात, आणि संघातल्या मैत्रिणी तिथेच भेटतात.