स्मार्टवॉच घेण्याआधी यूपीआयचं स्टेटमेंट उघडा : तब्येत आणि घरखर्च, दोन्ही एकाच फोनमधून



मागच्या वर्षी मी अठराशे रुपयांचं स्मार्टवॉच घेतलं. तेव्हा अमरावतीला रूम करून राहत होतो आणि तब्येतीकडे लक्ष द्यायचं डोक्यात घेतलं होतं. त्याच महिन्याच्या शेवटी अकोल्याला घरी गेलो, तर टीव्हीच्या खालच्या खणात बाबांच्या बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या दिसल्या. नवीन कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पगार झाला का आनतो नं बापा, पाच-सहा दिवसानं काय होते?"

आईला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की हे दर महिन्याला होतं. महिना संपत आला की दूध येतं, रिचार्ज होतो, गाडीत पेट्रोल पडतं, फक्त गोळ्या थांबतात. बीपी वाढलं तरी बहुतेक वेळा काही जाणवत नाही, म्हणून गोळी बंद केली तरी माणसाला "काय होते?" असंच वाटतं. तिकडे माझ्या मनगटावर माझे ठोके मोजले जात होते. पंचविशीतल्या, धडधाकट माणसाचे.

तर या लेखात "टॉप १० हेल्थ ॲप्स" नाहीत. घरात फोनमधलं सगळं तुम्हालाच जमतं, बाबांचा रिचार्ज तुम्हीच मारता, आईचं लाइट बिल तुम्हीच भरता. मग घराच्या तब्येतीचा आणि खर्चाचा हिशोबही त्याच फोनवर कसा लावायचा, ते सांगतो. नवीन काही विकत घ्यायचं नाही.

आधी पैसे कुठे जातात ते बघा

तुमचं यूपीआय ॲप उघडा आणि हिस्ट्रीमध्ये जा. बहुतेक ॲप्समध्ये तिथेच महिन्याचं स्टेटमेंट डाउनलोड करायचा पर्याय असतो. पीडीएफ आली की डोळे मिटून एक महिना निवडा आणि फक्त तीन गोष्टींवर खूण करा : बाहेरचं खाणं-पिणं, मेडिकल आणि आपोआप कटणारे पैसे.

माझ्या स्टेटमेंटमध्ये सगळ्यात जास्त ओळी वीस-तीस रुपयांच्या होत्या. चहा दहाचा, कचोरी वीसची. महिन्यातले २६ दिवस धरले तर ७८० रुपये. कचोरी बंद करा असं मी सांगणार नाही, शेगावच्या इतक्या जवळ राहून ते पाप लागेल. पण रोजची कचोरी आठवड्यातून दोनदा केली, तर साडेतीनशेच्या आसपास रुपये उरतात आणि तळलेलं आपोआप कमी होतं. तब्येत आणि पैसे दोन्ही एकाच भोकातून गळतात ते असे. रोख खर्च स्टेटमेंटमध्ये येत नाही, त्यासाठी जीबोर्डचा माइक दाबून नोट्समध्ये मराठीत बोलून ठेवा, "भाजी साठ रुपये". टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून तर हिशोब राहतो.

आता तिसरी खूण, म्हणजे ऑटोपे. फिटनेस ॲप सात दिवस फ्री म्हणून घेतलं, दोन दिवस वापरलं, अनइन्स्टॉल केलं. झालं, असं वाटतं. पण ॲप काढल्यानं सबस्क्रिप्शन बंद होत नाही! प्ले स्टोअरमध्ये वर तुमच्या फोटोवर टॅप करा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा आणि तिथून कॅन्सल करा. शिवाय यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा वेगळा भाग असतो, तोही तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती येतेही, पण ऑफर्सच्या मेसेजच्या ढिगात आपण ती वाचत नाही.

औषधाच्या पट्टीच्या मागे काय लिहिलंय?

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पट्टीवर मोठ्या रंगीत अक्षरात असतं ते कंपनीचं नाव, म्हणजे ब्रँड. औषधाचं खरं नाव वेगळं असतं, जसं 'टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम' किंवा 'मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम'. यालाच जेनेरिक नाव म्हणतात. एकच जेनेरिक औषध पन्नास ब्रँडखाली विकलं जातं आणि त्यांच्या किमतीत बराच फरक असतो.

केंद्र सरकारची जनऔषधी योजना २००८ मध्ये सुरू झाली. तिथे औषध जेनेरिक नावानेच मिळतं. किमतीचा नियम असा की, त्या औषधाच्या सर्वात जास्त खपणाऱ्या तीन ब्रँडची सरासरी काढायची आणि जनऔषधीची किंमत जास्तीत जास्त तिच्या निम्मी ठेवायची. प्रत्यक्षात बऱ्याच गोळ्या त्याहूनही स्वस्त असतात. "स्वस्त म्हणजे हलकं असंल" हा आमच्या बाबांचा पहिला प्रश्न होता. प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्यानंतरच केंद्रावर येते. आणि ब्रँडच्या किमतीत जाहिरात, एजंट, कमिशन हे सगळं धरलेलं असतं, ते इथे नसतं.

फोनवर काय करायचं? 'जनऔषधी सुगम' हे सरकारचं ॲप घ्या, ते २०१९ पासून आहे. त्यात जेनेरिक नाव टाकलं की किंमत दिसते, आणि जवळचं केंद्र नकाशावर शोधता येतं. अमरावती आणि अकोला दोन्ही शहरांत केंद्रं आहेत. गावाकडचे असाल, तर शहरात येण्याआधी फोन करून माल आहे का ते विचारा. कधीकधी नेमकी आपली गोळीच संपलेली असते आणि एसटीचं तिकीट वाया जातं. ब्रँडचं औषधच घ्यावं लागत असेल, तर 'फार्मा सही दाम' या दुसऱ्या सरकारी ॲपवर त्याची किंमत पडताळता येते.

आमच्या घरी बीपी आणि शुगर मिळून महिन्याचं बिल सातशेच्या जवळ जायचं. आता दीडशेच्या आत येतं. हा आमचा आकडा, तुमचा वेगळा असेल.

पण परस्पर काही बदलू नका. मिलिग्रॅम तंतोतंत तेच हवं. नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असेल तर ती गोळी शरीरात हळूहळू विरघळणारी असते, तिच्या जागी साधी गोळी चालत नाही. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतील तर तिन्ही जुळायला हवीत. फिट, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नका. खरं तर प्रत्येकच बदल डॉक्टरांना पट्टीचा फोटो दाखवून करा. "यातलं जनऔषधीत काय चालेल?" एवढं विचारायला लाजायचं कशाला?

मग स्मार्टवॉच काय मोजतं?

घड्याळाच्या मागे हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीवर प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की तिथलं रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. यावरून ठोके मोजले जातात आणि ते बऱ्यापैकी जमतं. पण त्याच दिव्यावरून स्वस्त घड्याळ जे बीपी दाखवतं, तो अंदाज असतो, त्यावर गोळी कमी-जास्त करायची नाही. सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं तर सोडूनच द्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट सांगितलं की, अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲप्सनाही हेच लागू.

बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं मशीनच लागतं. ते लगेच विकत घ्यायची गरज नाही. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या उपकेंद्राचं नाव आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' आहे, तिथेही होते. जाण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसायचं, मग माप घ्यायचं. आलेला आकडा तारखेसह गुगल शीटमध्ये टाका. तीन महिन्यांचे आकडे एका खाली एक दिसले, की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

चालण्याचं म्हणाल, तर पावलं मोजायला घड्याळ लागत नाही. फोनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, तो इंटरनेटशिवाय चालतो, फक्त फोन खिशात हवा. आणि १०,००० पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या जाहिरातीतून आला. २०२५ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सात हजारांच्या आसपासच बराचसा फायदा मिळतो. अकोल्यात कृषी विद्यापीठाचा परिसर, अमरावतीत वडाळी आणि छत्री तलाव, जिमची फी कुठेच नाही. फक्त उन्हाळ्यात वेळ बदला. मे २०२४ मध्ये उन्हामुळे अकोल्यात कलम १४४ लावावं लागलं होतं, हे विसरू नका. हवामान खात्याचं 'मौसम' ॲप बघा आणि सकाळी सातच्या आत घरी या.

खारपाणपट्ट्यातल्यांसाठी थोडं पाण्याबद्दल

दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारट. म्हणून घरोघरी पाण्याची जार येते. वीस रुपयांची जार रोज घेतली तर महिन्याचे ६०० रुपये. पण जारचं पाणी थंड असतं म्हणून ते शुद्ध असतंच असं नाही.

दोन-तीनशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, पेनासारखा. चार-पाच घरांनी मिळून एक घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार तो मोजतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेचं किंवा शहानूर धरणाचं पाणी तुमच्या नळाला येत असेल, तर आधी ते मोजा. ५०० च्या आत निघालं तर आरओ मशीनची आणि जारची गरज उरत नाही, गाळून-उकळून चालतं. मात्र मीटर फक्त क्षार सांगतो, जंतू नाही. आकडा कमी दिसला म्हणून तसंच पिऊ नका.

मोठा खर्च आला तर

महात्मा फुले जनआरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. आता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते आजच बघून ठेवा. ॲडमिट झाल्यावर नावातली वेलांटी दुरुस्त करायला कोणाला वेळ नसतो.

आणि एक रिमाइंडर लावा. गोळ्या संपायच्या सात दिवस आधीची तारीख, दर महिन्याला रिपीट. आमच्याकडे ती २३ तारीख आहे. बाबांच्या फोनमध्ये लावू नका, ते स्वाइप करून टाकतात. तुमच्या फोनमध्ये लावा, आणि वाजला की मेडिकलच्या नावानं बाजूला ठेवलेले पैसे आईला पाठवा.