जनुकशास्त्राची पहिली पायरी

आपल्या मंडळींतील पुष्कळ मुलेमुली हल्ली जीवशास्त्र घेतात. त्यांतील एखाद्याने “जीनोमिक्स शिकावयाचे आहे, आरंभ कोठून करू?” असे विचारले, की घरातील वडीलधाऱ्यांची पंचाईत होते. या शास्त्राची साधने मोठ्या प्रयोगशाळेतच असणार, असा समज आहे. वस्तुतः आरंभास लागणारी साधने विनामूल्य मिळतात. साधा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढे असले म्हणजे पुरे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. पेशीतील डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर होय. मनुष्याच्या जनुकसंचात अशी सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात. ती वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू होऊन २००३ साली पूर्ण झाला, व त्यात राहून गेलेल्या बहुतेक जागा २०२२ पर्यंत भरून निघाल्या. हा सर्व मजकूर जगाला खुला आहे.

नवशिक्या दहा साधने एकदम उघडतो आणि गोंधळतो. त्यापेक्षा एकच जनुक हाती धरावे. उदाहरणार्थ ‘एचबीबी’ घेऊ. हे अकराव्या गुणसूत्रावर असून हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा आराखडा त्यात असतो. विदर्भात पुष्कळ कुटुंबांना छळणाऱ्या सिकलसेल रोगाचे मूळ याच जनुकात आहे.

पहिले साधन ‘जेनबँक’. १९८२ पासूनचा हा संग्रह अमेरिकेतील एनसीबीआय ही सरकारी संस्था सांभाळते. तेथे जनुकाची अक्षरे मिळतात. दुसरे, ‘एन्सेम्बल’ किंवा ‘यूसीएससी जीनोम ब्राउझर’. हे नकाशे होत; जनुक कोठे आहे व शेजारी काय आहे, ते येथे दिसते. तिसरे ‘ब्लास्ट’. हे १९९० साली प्रसिद्ध झाले. आपली अक्षरमाला दिली, की तिच्याशी जुळणाऱ्या माला ते शोधून देते. बीटा साखळीची तुलना करून पाहावी. मनुष्य व चिंपांझी यांची साखळी तंतोतंत सारखी निघते!

चौथे ‘क्लिनव्हार’. जनुकातील कोणत्या बदलाने कोणता रोग होतो, याची ही नोंदवही होय. सिकलसेलमध्ये ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ येते. एका अक्षराच्या या फरकाने ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. जुन्या पुस्तकांत ही जागा सहावी आणि येथे सातवी दिसेल. त्याने गोंधळू नये. नव्या पद्धतीत आरंभीचे मेथिओनिनही मोजतात, इतकेच.

एवढे हातात बसले, की ‘गॅलक्सी’वर मोठ्या माहितीचे पृथक्करण करून पाहावे. तेथे प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. मग पायथन किंवा ‘आर’ शिकावे. भारतातील माहितीसाठी फरीदाबादचे भारतीय जैविक माहिती केंद्र २०२२ पासून कार्य करीत आहे.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. सदोष जनुकाची एकच प्रत असणारा मनुष्य वाहक असतो. तो बहुधा निरोगीच असतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून पडद्यावर काही दिसले एवढ्यावरून कोणाचे लग्न मोडू नये की कोणाला रोगी ठरवू नये. रक्ततपासणी करावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तसेच घरातील कोणाचा जनुक-अहवाल सहज कोठेही देऊ नये; एकाच्या अहवालात भावंडांचीही माहिती असते.

तेव्हा मुलांनी येत्या रविवारी एचबीबी शोधावे आणि ते एक अक्षर आपल्या डोळ्यांनी पाहावे. एवढ्या लहान चुकीपायी जन्मभराचे दुखणे येते हे ज्याला उमगले, त्याला पुढचा अभ्यास का करावयाचा हे कोणी सांगावे लागणार नाही.