पाण्यात कापले तर: आधी धुवा, मग मिटवा

ऑक्टोबर ते मे हा गोव्याच्या किनाऱ्यावर पाण्यातील खेळांचा हंगाम. आपल्यातील कितीतरी तरुण तेथे होड्यांवर काम करतात, आणि सुट्टीत आपली मुलेही पाण्यात उतरतात. पडताना कालवाचे कवच, खडकाची धार किंवा होडीची कड लागून कापणे हे नित्याचेच.

मागच्या एका सहलीत एका मुलाच्या तळव्याला असेच कालव लागले. रक्त पाहून आम्ही घाबरलो आणि आमचाच रुमाल घट्ट बांधून दिला. रक्त थांबले, आम्हांला समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी पाऊल घोट्यापर्यंत सुजले. डॉक्टरांनी जखम उघडली तेव्हा आत वाळू आणि कवचाची कपची निघाली. जखम झाकली म्हणजे ती बरी झाली असे नव्हे, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो.

प्रथम रक्त थांबवावे. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून हाताने दाबून धरावे व पाय किंवा हात उंच ठेवावा. दहा मिनिटे सतत दाबावे. मध्येच उचलून पाहू नये. रक्त उसळत असेल किंवा थांबत नसेल तर दाब न सोडता दवाखाना गाठावा.

नंतर जखम धुवावी. त्यासाठी समुद्राचे किंवा ओढ्याचे पाणी घेऊ नये. पिण्याचे पाणी किंवा उकळून गार केलेले पाणी भरपूर घ्यावे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बाटली दाबली की पाण्याची धार जोराने लागते व वाळू निघून जाते. सभोवतीची कातडी साबणाने धुवावी. हळद, कॉफीची पूड, तंबाखू किंवा राख जखमेत भरू नये. त्याने घाण आतच राहते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही.

आता जखम मिटवण्याचा प्रश्न. उथळ, स्वच्छ व कडा सहज जुळणारी जखम चिकटपट्टीच्या अरुंद पट्ट्यांनी मिटते. दोन्ही कडा बोटांनी जवळ आणून पट्ट्या आडव्या लावाव्यात. मध्ये थोडी फट ठेवावी. जखम खोल असेल, कडा फाकत असतील, ती सांध्यावर किंवा चेहऱ्यावर असेल, बोटे हलत नसतील किंवा बधिर झाली असतील, तर डॉक्टरांकडेच जावे. टाके शक्यतो पहिल्या सहा तासांत पडलेले बरे. मात्र जखम फार मळलेली असेल तर डॉक्टर ती मुद्दाम उघडी ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी टाके घालतात. अशा वेळी 'टाके का घातले नाहीत?' म्हणून रुसू नये. मळ आत कोंडू नये म्हणूनच ते तसे करतात. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांनी काढतात, पायाचे दहा ते चौदा दिवसांनी. तोवर पुन्हा पाण्यात उतरू नये.

धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये. मळलेल्या जखमेच्या वेळी मागचा डोस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर पुन्हा घ्यावा लागतो.

शेवटी एक इशारा. खाऱ्या आणि मचूळ उबदार पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. मधुमेही, यकृताचे रोगी व फार मद्यपान करणारे यांच्या जखमेत ते झपाट्याने पसरतात आणि प्राणावर बेततात. लाली वेगाने वाढणे, फोड येणे, ताप भरणे, जखमेच्या मानाने वेदना फार होणे ही त्याची लक्षणे. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालयात जावे आणि जखम समुद्राच्या पाण्यात झाली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सहलीच्या पिशवीत पाण्याची एक जादा बाटली, स्वच्छ कापड आणि चिकटपट्टी एवढे ठेवले तरी पुष्कळ झाले. आता आमच्या पिशवीत ते असते.